छान हा काही वास नाही

मरोळमध्ये मी तीन वर्षं भाड्याने राहिले. घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी ना पगार विचारला, ना आडनाव. नाक जरासं वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर्दी होते का गो तुला सारखी?"

"नाही. क्वचित."

"धुळीचा त्रास? शिंका? नाक चोंदणं?"

"काहीच नाही."

"मग कधी येतेस राहायला?"

मुंबईत एकट्या बाईला घर देताना लोक काय काय विचारतात, त्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. नवरा कुठे असतो, रात्री किती वाजता परतता, मित्र येतात का. एकही उत्तर कामी आलं नाही. म्हाताऱ्याला जंतूंची भीती असेल, असं मी ठरवलं आणि दुसऱ्या आठवड्यात सामान घेऊन आले. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. लिफ्ट नाही.

मी आरोग्य विम्याच्या कंपनीत क्लेम तपासते. कोण खरं सांगतंय आणि कोण खोटं, हे कागद बघून ओळखायचं आणि खोट्याला नम्र भाषेत नकार लिहायचा. ऑफिसात माझ्या नजरेची ख्याती आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली ती नीट कळेल.

काका, म्हणजे घरमालक, मूळचे कुडाळकडचे. बोलायचे आपल्यासारखंच, पण चिडले किंवा खूश झाले की मालवणीत घसरायचे. उंच, काटक, खिशात कायम वर्तमानपत्राच्या समासाच्या फाडलेल्या पट्ट्या. त्यांचा सगळा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका एसेन्स बनवणाऱ्या कंपनीत गेला. आइस्क्रीममधला आंबा झाडावरून येत नाही, काकांसारख्या माणसाच्या नाकातून येतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. लहान मुलांच्या तापाच्या औषधात संत्र्याचा जो स्वाद असतो, तसला एक त्यांनी बनवला होता. "अर्ध्या महाराष्ट्राच्या पोरांना वाटतं संत्रं असंच लागतं," ते म्हणायचे. "तो माझा गुन्हा."

निवृत्त झाल्यावरही त्यांचं वासाचं वेड गेलं नव्हतं, असं सगळी बिल्डिंग मानायची. सकाळी खाली उतरले की वॉचमनला विचारायचे, "आज हवा कसली?" वॉचमन इमानदारीत हुंगायचा आणि सांगायचा, "सुकी मच्छी, साहेब," किंवा "आज गटार." काका मान डोलवायचे, पास केल्यासारखी. कलिंगडवाल्याच्या गाडीवर ते कलिंगड स्वतः हातात घ्यायचे नाहीत, त्यालाच हुंगायला लावायचे. तो म्हणायचा, "मीठा है, चाचा." काका म्हणायचे, "मीठा जिभेचं काम झालं. मी नाकाचं विचारतोय." मागे लाइन लागायची. लोक हसायचे, मीही हसायचे. म्हातारा परीक्षा घेतो सगळ्यांची, मास्तरच व्हायला हवा होता, असं म्हणायचे. मास्तर प्रत्यक्षात त्यांच्या घरात होत्याच. काकू पालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

आता माझ्या वेडाचं सांगते.

घटस्फोटानंतर बायका ट्रेकला जातात, केस कापतात, नाहीतर दहा दिवस मौनात बसतात. मी कॉकटेल शिकायला लागले. चढते फार लवकर, म्हणून पिण्यात काही विशेष रस नव्हता. पण व्हिडिओतल्या त्या बायका ग्लासाच्या काठावर संत्र्याची साल अशी काही फिरवायच्या की वाटायचं, यांच्या आयुष्यात कधी कुणी कुणाला सोडून जात नसेल. ऑफिसातली एक मुलगी लग्नानंतर इटलीला निघाली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे चॉकलेटं मागितली. मी म्हणाले, "मला एक अमारो आण." असं म्हणाले, जणू दहिसरच्या आमच्या चाळीत सकाळी चहाऐवजी अमारोच असायचा. खरं तर तो शब्द मी चारच दिवसांपूर्वी ऐकला होता.

अमारो म्हणजे मुळं, साली, पालापाचोळा भिजवून केलेलं इटलीतलं कडू-गोड मद्य. त्याचं 'सावर', म्हणजे आंबटसर कॉकटेल, करायचं मी ठरवलं. दोन भाग अमारो, एक भाग लिंबाचा रस, थोडं साखरेचं पाणी, एका अंड्याचं पांढरं. हे आधी बर्फाशिवाय घुसळायचं म्हणजे फेस येतो, मग बर्फ घालून परत, आणि गाळून ग्लासात. फेसावर बिटर्सचे तीन थेंब. बिटर्स हा तर अमारोहूनही कडू अर्क, थेंबानेच वापरायचा. तो माझ्याकडे नव्हता. शेकरही नव्हता. नवरा जाताना जिमचा प्रोटीनचा शेकर विसरून गेला होता, तो घेतला.

मुहूर्त रविवारी सकाळी अकराचा. का, तर रीलसाठी उजेड चांगला येतो. माझे फॉलोअर तेव्हा एकोणसाठ होते, त्यात आई नव्हती हीच देवाची कृपा. मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि शेकर डोक्याच्या वर नेऊन हलवायला लागले. चौथ्या झटक्याला झाकण उडालं. अंड्याचा बलक काढला होता, पांढरं मात्र सगळं पंख्याला लागलं. पंखा चालू होता.

दारावर थाप पडली तेव्हा माझ्या केसांतून लिंबाचा रस गळत होता. दारात काका.

"काय गो, पाटा-वरवंटा आणलास की काय?"

ते आत आले. त्यांनी ओट्यावरची बाटली बघितली. घर सोडायची नोटीस आता मिळणार, हे मी धरूनच चालले. त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली, बाटलीत टोक बुडवलं, नाकाखालून दोनदा फिरवली आणि माझ्यापुढे धरली.

"सांग."

"काय?"

"कसलो वास येता?"

मी हुंगलं. "छान आहे."

"छान हा काही वास नाही," ते म्हणाले. "छान म्हणजे तुला काही सांगायचं नाही. परत बघ."

मी परत हुंगलं. व्हिडिओतले शब्द आठवेनात. तोंडातून जे निघालं ते असं, "खोकल्याचं औषध. आणि संत्र्याची साल, पण ताजी नाही, उन्हात वाळलेली. आणि... शाळेच्या लायब्ररीचं कपाट. खूप दिवसांनी उघडल्यावर."

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मला वाटलं, चक्कर आली. मग डोळे उघडून ते म्हणाले, "नाक आसा तुका."

नंतर त्यांनी चमचाभर अमारो जिभेवर घेतला, तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि बेसिनमध्ये थुंकला. ते दारू पीत नसत. "चाखणं वेगळं, पिणं वेगळं. आख्खा जन्म चाखलं, एक थेंब प्यायलो नाही." चव त्यांनी अशी सांगितली की मी गार झाले. कडू दोन प्रकारचं आहे, एक लगेच लागतं, दुसरं गिळल्यावर मागून येतं. गोड पुढे उभं केलंय, पाहुण्यांचं स्वागत करायला. आणि शेकरच्या तळाशी उरलेलं माझं मिश्रण चाखून म्हणाले, "लिंबू डोक्यावर बसलंय. अर्धं कर. हे काय म्हणालीस, सार?"

"सावर, काका."

"तेच ते. सार."

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता आमचा क्लास. अकरा हीच वेळ, कारण जीभ तेव्हा सगळ्यात जागी असते, असं काकांचं म्हणणं. ते पट्टी पुढे करायचे, मी वास सांगायचे. मग ते चाखून, थुंकून, माप बदलायला सांगायचे. बाहेरचं बिटर्स न आणता आम्ही ते घरीच करायला घेतलं. काष्ठौषधीच्या दुकानातून काकांनी काडेचिराईत आणलं, त्यात संत्र्याची साल, वेलची, दोन लवंगा, आणि सगळं लोणच्याच्या बरणीत व्होडकात भिजत घातलं. बरणी माझ्याकडे, कारण काकूंना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, नवरा मला इंग्रजी रिपोर्ट तपासायला मदत करतो.

दर रविवारी बरणीचं झाकण उघडून मी सांगायचे. पहिल्या आठवड्यात, "ओलं लाकूड." दुसऱ्या आठवड्यात, "ओलं लाकूड, पण आता त्याच्याशेजारी कुणीतरी गोळी चघळतंय." काका ते एका छोट्या वहीत लिहून घ्यायचे. मला वाटायचं, मार्क देतायत. एकदा मला सर्दी झाली तर म्हणाले, "मग आज मला सुट्टी," आणि असे खांदे पाडून जिना उतरले की मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यासारखी शिष्या एक रविवार चुकली तर हिरमुसतो!

डोक्यात हवा जायला एवढं पुरतं. अंधेरीत ऑफिसची पार्टी होती, तिथे मी बारमनला बोलावून सांगितलं की या ड्रिंकमध्ये गवती चहा जास्त झालाय. त्याने ग्लास हुंगला, मग अदबीने म्हणाला, "मॅडम, यात गवती चहा नाही. आमचा हँडवॉश गवती चहाचा आहे." मी नुकतीच हात धुऊन आले होते. टेबलावरचे सगळे हसले. मी मनात म्हटलं, हसा, माझं नाक कुणी घडवलंय ते तुम्हाला काय माहीत.

काकू मला जिन्यात भेटायच्या, तेव्हा त्यांचाही एक विषय ठरलेला. "पस्तीस वर्षं गं," त्या सांगायच्या, "एक घास असा गेला नाही की हे काही बोलले नाहीत. हळद कच्ची राहिली. खोबरं कालचं आहे. फोडणीत मोहरी आधी घातलीस. मी शाळेतून दमून यायची, आणि घरी हे इन्स्पेक्टर! पण कोविड झाला ना यांना, त्यातून उठले आणि माणूस बदलला. आता काही करा, 'छान झालंय' म्हणतात. गेल्या वर्षी मी कोंबडी-वडे केले तर म्हणाले, असे वडे तू जन्मात केले नव्हतेस." हे सांगताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. मी म्हणायचे, "काका मवाळ झालेत, काकू."

म्हणजे बघा. एका हाताला हा माणूस मला शिकवतोय की छान हा काही वास नाही. दुसऱ्या हाताला त्याची बायको सांगतेय की तो कोविडपासून रोज छान म्हणतो. दोन्ही कागद माझ्या टेबलावर, आणि खोटे क्लेम पकडणारी मी, माझ्या नाकाच्या कौतुकात गुंग.

तो रविवार मात्र मला अजून घाम फोडतो. काकू दोन दिवसांसाठी बहिणीकडे दहिसरला गेल्या होत्या, म्हणून क्लास काकांच्या घरी ठरला. मी शेकर, बाटली, लिंबं पिशवीत घालून खाली आले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, आणि गॅसचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू. काका ओट्यापाशी उभे होते. शांतपणे. उजव्या हातात लायटर.

"काका! नको!"

मी त्यांच्या अंगावरच पडले. लायटर उडून सोफ्याखाली गेला, पिशवीतली लिंबं घरभर. मी बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून जिन्यात आणून बसवलं. ते गोंधळून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"गॅस, काका! घर भरलंय गॅसने! तुम्हाला वास..."

वाक्य तिथेच थांबलं. काकांनी खाली बघितलं. चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मी खालच्या पायरीवर बसले आणि माझ्या डोक्यात कलिंगडवाला, वॉचमन, सर्दीचा प्रश्न, मिटलेले डोळे, सगळे एकामागून एक येऊन उभे राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोविडपासून. सगळं परत आलं, हे नाही आलं."

"म्हणजे मला जे शिकवत होतात..."

"शिकवत नव्हतो गो." ते अगदी हळू म्हणाले. "ऐकत होतो."

मग त्यांनी सांगितलं. जिभेला कडू, आंबट, गोड, खारट कळतं, तिखट झोंबतं. बाकी काही नाही. आंबा म्हणजे गोड पिठलं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. म्हणून माझं ते सार त्यांना आवडायचं. कडू, आंबट, गोड, सगळं जिभेचं, नाकाकडे काही मागायला जावं लागत नाही. "पण तू 'लायब्ररीचं कपाट' म्हणालीस ना, तेव्हा मला तो वास आला. डोक्यात. पाच-दहा सेकंद, खरंच आला. चाळीस वर्षांचे वास आत भरलेत, कुणीतरी नाव घेतलं की हलतात." त्यांनी वही काढून दाखवली. बारीक अक्षरात माझीच वाक्यं. ओलं लाकूड. गोळी चघळतंय कुणीतरी. एकालाही मार्क नव्हते.

इतके महिने मी स्वतःला शिष्या समजत होते. होते मी भाड्याचं नाक. भाडं वर मीच देत होते.

पण तो विचार नंतरचा. त्या क्षणी मी चिडलेच होते. "काकूंना का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. हॉस्पिटलातून आलो, तिने पेज केली. मला कळेना काय सांगावं, म्हणून 'छान झालीय' म्हटलं. ती पळी हातात धरून बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी गाणं म्हणत स्वयंपाक केलान. मग कसं सांगू? आणि..." त्यांनी वही मिटली. "नाक गेलं तर मी कोण, सांग."

मी म्हणाले, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, सांगतो. एक रविवार गेला. दुसरा गेला. मी तरी काय केलं? मधला मार्ग काढला. गॅस गळला की बोंबलणारं एक यंत्र आणलं आणि काकूंना सांगितलं, सोसायटीचा नवीन नियम आहे. दिवसभर लोकांचं खोटं पकडायचं आणि संध्याकाळी स्वतः इतकं फालतू खोटं बोलायचं, हे मलाच जमतं. काकूंनी सरळ खाली सोसायटीच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली. तसा नियम कुठेच नव्हता.

त्यांनी मला खाली बोलावलं. काका खुर्चीत, काकू उभ्या. मी तिसऱ्या इयत्तेत.

"यंत्र कशाला?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी भिंतीकडे.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत. सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "आणि वडे?"

काकांनी पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"'असे वडे जन्मात केले नव्हतेस' म्हणालात. ते कसे होते?"

"माहीत नाही."

काकूंनी पदराला हात पुसले. बेडरूममध्ये जाऊन पिशवी भरली आणि दहिसरला निघून गेल्या. जाताना गॅस बंद आहे का ते मात्र दोनदा बघितलं.

आठ दिवस काका वरण-भात खात होते, मीच नेऊन देत होते. फोन लावा म्हटलं तर म्हणायचे, "काय बोलू? तिला वाटतं तीन वर्षं मी तिला फसवलं. फसवलंच." त्या रविवारी मी सावर करून नेलं. त्यांनी चाखलंही नाही. मी पट्टी बुडवून वास सांगायला गेले, तर हात वर करून मला थांबवलं. मी एकटीच बसून ते प्यायले. सकाळी साडेअकराला, घरमालकाच्या सोफ्यावर. मला रडू आलं, त्यात अमारोचा वाटा किती होता ते सांगता येणार नाही.

नवव्या दिवशी काकू परत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीतून चार बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. बहिणीच्या ओळखीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरला त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ हे हुंगायचं, महिनोन् महिने, नाक पुन्हा शिकतं कधीकधी.

"शिकतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण अभ्यास करायचा. आणि आलं तर आलं म्हणा, नाही तर नाही. आता या घरात छान हा शब्द बंद."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडे बरणी आहे म्हणे. आण बघू."

मी आणली. त्यांनी समोर बसवून माझ्याकडून सावर करून घेतलं, फेसासकट. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. दुसरा घेतला.

"काढाच आहे की गं हा. बाळंतिणीला देतात तसला. वर फेस आणलास एवढंच." तिसरा घोट घेऊन म्हणाल्या, "याच्यासाठी मला अंधारात ठेवलंत?"

पुढचे कितीतरी महिने सकाळी ऑफिसला निघताना पहिल्या मजल्यावर मला हजेरी ऐकू यायची. काकूंचा शाळेतला खणखणीत आवाज.

"लवंग?"

"गैरहजर."

"लिंबू?"

"गैरहजर."

"गुलाब?"

"नाही गो."

सुरुवातीला काका थट्टेत बोलायचे. मग आवाज बारीक होत गेला. एका सकाळी मी जिन्यात थांबून ऐकलं तर काकू चारही नावं घेत होत्या आणि पलीकडून उत्तरच येत नव्हतं. तरी त्यांनी चारही घेतली. संध्याकाळी परत घेतली. स्वयंपाकही बदलला त्यांचा. कारल्याचं पंचामृत, कोकमाचं सार, मिरचीचा ठेचा, जिभेला जे जे कळतं ते. काका जेवायचे आणि सांगायचे, मीठ बरोबर, आंबट वायच कमी. कौतुक नाही, तक्रार नाही. दोघं जणू नव्याने ओळख करून घेत होते, जपून जपून. रविवारचा आमचा क्लास चालू राहिला, पण आता वास सांगायला मला लाज वाटायची. काकाच म्हणायचे, "सांग ना. फुकट थोडंच ऐकतोय? लिंबाचं माप कोण सांगतं तुला?"

आणि मग तो बुधवार. मी घरूनच काम करत होते. कानात इअरफोन, मीटिंग चालू, विषय एका मोठ्या क्लेमचा. म्हटलं, तोवर रविवारसाठी साखरेचं पाणी करून ठेवू. पातेल्यात साखर, थोडं पाणी, चवीला दालचिनीचा तुकडा. मंद आचेवर ठेवलं आणि बाहेर येऊन नकार कसा लिहायचा यावर चांगलं पंधरा मिनिटं भाषण दिलं. पाऊण मिनिटाचं काम असतं ते, पण मला माझा आवाज आवडतो. स्वयंपाकघरातून धूर यायला लागला होता, तरी माझ्या त्या सुप्रसिद्ध नाकाला पत्ता नाही.

दारावर धडाधड मुठी पडायला लागल्या.

"उघड! करपलंय! उघड गो!"

दार उघडलं. काका बनियन-लुंगीत, दोन मजले धावत आलेले, छाती भात्यासारखी. मी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि हबकले. "सॉरी काका, पातेलं माझंच आहे, ओट्याला काही झालं नसेल..."

ते मला बाजूला सारून आत गेले. गॅस बंद केला. आणि धुराच्या वर तोंड नेऊन, पातेल्याच्या दोन्ही कानांना फडक्याने धरून, तसेच उभे राहिले. मागून काकू आल्या, एका पायात चप्पल.

"काय झालं? असे धावलात कशाला?"

"साखर," काका म्हणाले. "जळलेली."

"ते दिसतंय मला. काळीकुट्ट झालीय." काकूंच्या आवाजात शाळा होती. "डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. काकूंनी पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं, बाहेरच्या खोलीच्या गॅलरीत नेऊन ठेवलं, हाताने धूर हाकलला, खिडकी उघडली, जरा थांबल्या. "आता?"

"गेला."

पातेलं परत आणून नाकाखाली धरलं. "आता?"

"आला."

तीनदा केलं त्यांनी असं. तिन्ही वेळा बरोबर. चौथ्यांदा पातेलं धरून म्हणाल्या, "नुसतं जळकं तर मलाही येतंय. आणखी काय आहे ते सांगा."

काकांच्या नाकपुड्या हलत होत्या. कपाळावर घाम.

"मागे," ते म्हणाले, "साखरेच्या पार मागे. लांब आहे. लवंग नाही..." पुन्हा हुंगलं. "दालचिनी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली.

त्या तिथेच, स्वयंपाकघराच्या लादीवर, पातेलं मांडीत घेऊन बसल्या. काका त्यांच्याशेजारी गुडघे धरत खाली बसले. दोघांनी एकदम त्या काळ्या पातेल्यात तोंडं घातली.

माझ्या कानात अजून मीटिंग चालूच होती. तिकडून साहेब विचारत होते, "हॅलो? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"सर," मी म्हणाले, "माझं पातेलं करपलं." आणि मी ते इतक्या आनंदाने सांगितलं असावं की पलीकडे बारा माणसं होती, पण एकालाही पुढे काय बोलावं ते सुचेना.